खोली मोजण्याचे गणित

डोंबिवलीत 'खोली' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दहा बाय बाराची जागा, तिच्यातला ओटा आणि मोरी उभी राहते. विहिरीची किंवा नदीची खोली नंतर आठवते. अर्थशास्त्रज्ञांनाही खोलीचे वेड आहे, पण ते पैशाच्या खोलीचे. एखाद्या देशातल्या बँका, विमा कंपन्या, पतसंस्था, रोखेबाजार या साऱ्यांचा मिळून पसारा किती, आणि त्या देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या मानाने तो केवढा, या हिशेबाला ते 'वित्तीय खोली' म्हणतात. हा आकडा वाढला की देश प्रगत होत चालला असे समजायचे. अर्थसंकल्पाच्या दिवसांत वर्तमानपत्रांत अशी टक्केवारी येते आणि बहुतेक घरांत ते पान रद्दीत जाते. वास्तविक ती टक्केवारी आपल्याच पासबुकांची बेरीज असते. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या कुटुंबांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्या बेरजेत जेवढी भर घातली, तेवढी फार थोड्या गावांनी घातली असेल. म्हणून ही खोली कशी मोजतात आणि मोजताना काय निसटते, हे जरा निवांतपणे पाहावे असे वाटते.

या मोजणीचा पाया रचणाऱ्यांत रेमंड गोल्डस्मिथ या अर्थशास्त्रज्ञाचे नाव पहिल्याने घ्यावे लागते. १९६९ साली, म्हणजे आपल्याकडे चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्याच वर्षी, त्याने पस्तीस देशांचे १८६० पासूनचे आकडे गोळा करून ग्रंथ लिहिला. देश जसजसा श्रीमंत होतो तसतसा वित्तसंस्थांचा पसारा त्याच्या संपत्तीहून अधिक वेगाने वाढतो, असे त्याला दिसले. पुढे १९८३ मध्ये याच गृहस्थाने केवळ भारतावर, १८६० ते १९७७ या काळातल्या आपल्या वित्तव्यवस्थेवर, स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९९३ मध्ये किंग आणि लेव्हाइन या दोघांनी ऐंशीएक देशांची तीस वर्षांची आकडेवारी तपासून सांगितले की ज्यांची वित्तीय खोली आधीपासून जास्त होती, ते देश नंतरही वेगाने वाढले. तेव्हापासून जागतिक बँकेत या मोजणीला मोठी प्रतिष्ठा आली. आज ती बँक खोलीबरोबर आणखी तीन गोष्टी मोजते : लोकांना सेवा कितपत मिळते, संस्था काम कितपत नेटके करतात, आणि त्या कितपत स्थिर आहेत. पण मिरवला जातो तो बहुधा खोलीचाच आकडा, कारण तो मोजायला सर्वांत सोपा.

सोपा म्हणजे किती? अंशस्थानी देशातल्या ठेवी किंवा कर्जे, छेदस्थानी वर्षाचे राष्ट्रीय उत्पन्न. संपले. यात पहिलीच अडचण अशी की ठेवी हे गच्चीवरच्या टाकीतले पाणी आहे आणि उत्पन्न हे नळाला येणारे. टाकीत अमुक दिवशी किती पाणी होते हे सांगता येते. नळाचे पाणी मात्र वर्षभराचे मोजावे लागते. ज्या वर्षी भाववाढ जोरात असेल त्या वर्षी मार्चअखेरच्या ठेवींना वर्षभराच्या उत्पन्नाने भागले की उत्तर वाकडे येते. म्हणून चांगले अभ्यासक वर्षाच्या दोन टोकांच्या ठेवींची, भाववाढ वजा करून, सरासरी काढतात. एवढे सव्यापसव्य वर्तमानपत्रातल्या चौकटीत कोणी करत नाही.

तरीही आकडा काहीच सांगत नाही असे नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातल्या एकूण चलनपुरवठ्याचा निम्म्याहून अधिक भाग लोकांच्या हातातल्या नोटा-नाण्यांच्या रूपात होता. बँकेत पैसा ठेवण्याची चाल मूठभर शहरी घरांपुरतीच होती. जून १९६९ मध्ये सबंध देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या, म्हणजे सुमारे पासष्ट हजार माणसांमागे एक. बँकांतल्या ठेवी राष्ट्रीय उत्पन्नाच्या बारा टक्क्यांच्या आसपास होत्या. १९९० पर्यंत शाखा साठ हजारांच्या घरात गेल्या. आज बँकठेवी राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन-तृतीयांशांच्या आसपास आहेत. ही वाढ खरी आहे आणि ती ज्यांच्या डोळ्यांदेखत झाली त्या पिढीने तिचे कौतुक करावे यात गैर नाही. मात्र देशादेशांची तुलना करू गेलो की मौज होते. खासगी क्षेत्राला बँकांनी दिलेले कर्ज आपल्याकडे राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास आहे. अमेरिकेतही ते साधारण तेवढेच आहे. चीनमध्ये ते उत्पन्नाच्या कितीतरी वर गेले आहे. तेव्हा आपण अमेरिकेच्या बरोबरीला आलो, की चीन अमेरिकेच्या पुढे गेला? दोन्ही नाही. तिकडच्या कंपन्या बँकेच्या दारात कमी आणि रोखेबाजारात जास्त जातात, एवढाच त्याचा अर्थ.

मला विचाराल तर खोली पाहायची ती दोन बाजूंनी. पैसा खाली कुठवर झिरपतो ही एक बाजू. माणूस आपला पैसा परक्याच्या हाती किती काळ निर्धास्तपणे ठेवू शकतो, ही दुसरी. नेहमीचा आकडा या दोन्हींबद्दल मुका आहे.

हा आकडा तयार कुठे होतो, हेही सांगायला हवे. आम्ही बँकेत लागलो तेव्हा शाखेत 'बीएसआर' नावाचे एक प्रकरण असे. १९७२ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने सुरू केलेले हे विवरणपत्र शाखेशाखेत भरले जाई. प्रत्येक कर्जखात्यापुढे जिल्ह्याचा संकेतांक, कर्जदाराच्या धंद्याचा संकेतांक, व्याजदर, मंजूर मर्यादा, येणे बाकी. संध्याकाळी गिऱ्हाइके गेली, लेजरे मिटली, की पंख्याखाली बसून आम्ही ते भरत असू. पापड-लोणच्यांसाठी कर्ज घेणाऱ्या बाईचा संकेतांक कोणता, उद्योग की किरकोळ व्यापार, यावर वाद होई आणि ज्याला लोकल पकडायची घाई असे त्याचे मत शेवटी ग्राह्य धरले जाई. शिवाय एक रेघ होती. १९८३ च्या अखेरीपासून पंचवीस हजारांच्या वरच्या मर्यादेचीच कर्जे खात्यागणिक लिहायची, त्याखालची सगळी एका ढिगात. १९९९ मध्ये ही रेघ दोन लाखांवर गेली. रेघेखालची माणसे आकड्यांत होती, पण गर्दीत उभ्या असलेल्या माणसांसारखी, चेहऱ्यावाचून. पैसा किती खाली झिरपला हे ज्यांच्यावरून कळायचे, नेमके त्यांचेच तपशील या रेघेखाली बुडाले.

आणि मार्चअखेर! एकतीस मार्चला शाखेच्या ठेवींचा आकडा फुगावा म्हणून होणारी धावपळ ज्या बँकवाल्याने पाहिली नाही तो बँकवाला नव्हे. मोठ्या खातेदाराला आठवडाभर आधी चहाला बोलवायचे, एखाद्या संस्थेचा चार दिवस पडून राहणारा पैसा 'आमच्याकडेच राहू द्या' म्हणून विनवायचे, कॅश क्रेडिट खात्यातून उचल करवून ती चालू खात्यात उभी करायची. पाच एप्रिलला तो फुगा पुन्हा आपल्या आकाराला येई. देशभरातल्या हजारो शाखांनी त्या एका रात्री फुगवलेली छाती म्हणजे देशाची वित्तीय खोली, असे कधीकधी वाटे. पुढे सरासरी ठेवींवर भर आला, संगणक आले आणि हा खेळ पुष्कळ कमी झाला. एकतीस मार्चचे माहात्म्य अजूनही पुरते ओसरलेले नाही.

आता आपल्या टापूकडे वळू. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत गेली, पण रेल्वेच्या आश्रयाने वाढलेल्या या वस्तीला स्वतःच्या बँका मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. मिळाल्या त्या मात्र एकापाठोपाठ एक. डोंबिवली नागरी सहकारी १९७० मध्ये, ठाणे जनता आणि कळव्याची पारसिक जनता १९७२ मध्ये, कल्याण जनता १९७३ मध्ये, आणि थोड्या मागाहून, १९७९ मध्ये, ठाणे भारत. पहिल्या चार बँका चार वर्षांत उभ्या राहिल्या आणि त्यांची गावे एकाच लोहमार्गावर, वीस-बावीस किलोमीटरांत. पुढे या पाचही बँका रिझर्व्ह बँकेच्या शेड्यूल्ड यादीत गेल्या. अशा नागरी सहकारी बँका सबंध देशात पन्नासच्या आसपास, हे ध्यानात घेतले म्हणजे या टापूची मजल कळते.

राष्ट्रीयीकरणाने बँका गावोगाव जात असतानाच या वस्तीला वेगळ्या बँका का काढाव्याशा वाटल्या? मला तरी याचे उत्तर घड्याळात दिसते. गिरगाव-दादरच्या चाळींतून आणि कोकणातून येऊन इथे स्थिरावलेला माणूस सकाळी साडेसातची गाडी पकडे आणि दिवेलागणीनंतर परते. दहा ते दोन उघड्या राहणाऱ्या काउंटरचा त्याला उपयोग काय? अनेक सहकारी बँकांनी सकाळ-संध्याकाळच्या वेळा ठेवल्या, रविवारी दारे उघडी ठेवली. दुसरे कारण ओळखीचे. मोठ्या बँकेला तारण हवे होते आणि या माणसाकडे पगाराच्या चिठ्ठीखेरीज काही नव्हते. सहकारी बँकेच्या कर्ज समितीवर त्याच्याच आळीतला मास्तर, वकील, औषधांचा दुकानदार बसलेला असे. दोन जामीनदार आणले की काम होई. जामीनदारही त्याच्याच डब्यातले. हप्ता चुकला तर नोटिशीआधी ती बातमी फलाटावर पोचे. मुलीचे लग्न, मुलाची इंजिनिअरिंगची फी, ओनरशिप फ्लॅटचे पहिले पैसे, एमआयडीसीतला शेडमधला छोटा कारखाना, सारे अशा कर्जांवर निभावले. ही माणसे एकमेकांना ओळखत होती म्हणून पैसा खाली उतरला. राष्ट्रीय उत्पन्नाशी गुणोत्तर काढले तर ही कर्जे चिमूटभर भरतील.

याच ओळखीचे दुसरे टोकही असते आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ओळखीवर पन्नास हजारांचे कर्ज देता येते. पन्नास कोटींचे कर्ज ओळखीवर दिले की ती ओळख राहत नाही, लागेबांधे होतात. नागरी बँकांच्या बुडण्याच्या अनेक कथांच्या मुळाशी हेच सापडते.

आणि मोजणीच्या बाहेर राहिलेला पैसा? तो तर इथे घरोघरी. पतपेढीत ठेवलेला पैसा बँकठेवींच्या आकड्यात येत नाही, कारण पतपेढी ही कायद्याने बँक नव्हे. त्यामुळे त्या पैशाला ठेवविम्याचेही छत्र नाही, हे अजून पुष्कळांना ठाऊक नसते. पगारदार नोकरांच्या पतसंस्था आहेत. लोकलच्या डब्यातली, ऑफिसातली, महिला मंडळातली भिशी आहे. सराफाकडे दरमहा भरायची सुवर्णयोजना आहे. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर एका सराफी पेढीची डोंबिवली-ठाण्यातली दुकाने एकाएकी बंद झाली आणि दारापुढे पावत्या हातात घेतलेल्या बायकांची गर्दी जमली, तेव्हा या हप्त्यांत केवढा पैसा गुंतला होता ते दिसले. कल्याणच्या खाडीपलीकडे भिवंडीला तर यंत्रमागाचा सबंध धंदाच अशा उधारीवर उभा आहे. सुताचा व्यापारी सूत देतो, मागवाला कापड विणून देतो आणि मजुरी घेतो. भांडवल व्यापाऱ्याचे, जोखीम बरीचशी मागवाल्याची. या उधारीची बेरीज कोणत्याही विवरणपत्रात नाही.

मोजलेला पैसा तरी वर्षानुवर्षे सारख्या मापाने मोजला जातो का? १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. तोवरचा ठाणे जिल्हा, २०११ च्या जनगणनेत एक कोटी दहा लाख वस्तीचा, देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा, म्हणजे घोडबंदर रस्त्यावरचे टॉवर आणि जव्हार-मोखाड्याचे पाडे यांची एकत्र सरासरी. विभाजनानंतर जव्हार, मोखाडा, तलासरी, डहाणू, विक्रमगड ठाण्याच्या रकान्यातून गेले. उरलेल्या ठाण्याचे दरडोई आकडे एका रात्रीत सुधारले असणार, ठाण्याच्या एकाही माणसाच्या खात्यात रुपयाची भर न पडता. वीस वर्षांचा आलेख काढणाऱ्याने या ठिकाणी पेन थांबवले नाही तर तो स्वतःला फसवील. अशीच गंमत देशाच्या पातळीवर १ जुलै २०२३ ला झाली. एचडीएफसी ही १९७७ पासून घरांना कर्ज देणारी संस्था आपल्याच बँकेत विलीन झाली. डोंबिवलीतल्या किती फ्लॅटांची कागदपत्रे तिच्या तिजोरीत गेली असतील! तोवर ती गृहकर्जे बँकांच्या कर्जांत धरली जात नव्हती. विलीनीकरणाच्या दिवशी ती बँककर्जे झाली आणि देशाच्या बँककर्जाचा आकडा टुणकन वर उडाला. एक वीटही नवी रचली गेली नव्हती. रिझर्व्ह बँक प्रामाणिकपणे दोन आकडे देते, विलीनीकरण धरून आणि वगळून. उद्धृत करणारे सोयीचा उचलतात.

याहून मला जिव्हाळ्याचा वाटतो तो कर्ज आणि ठेव यांच्या प्रमाणाचा प्रश्न. इथल्या शाखा वर्षानुवर्षे ठेवी गोळा करत आल्या. सेवानिवृत्तीचे पैसे, फंड, गावाकडची जमीन विकून आलेली रक्कम. पण शंभर रुपयांच्या ठेवीमागे किती रुपयांचे कर्ज वाटले, हे पाहिले तर मुंबईचे प्रमाण ठाणे जिल्ह्याच्या कितीतरी वर दिसते. बचत इकडे, कर्ज तिकडे. यावर बँकवाले एक उत्तर देतात आणि ते अगदीच खोटे नाही. कर्ज फोर्टमधल्या शाखेत मंजूर होते, पण कारखाना अंबरनाथला असतो. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीत कर्ज मंजूर कुठे झाले आणि वापरले कुठे गेले, असे दोन हिशेब करण्याची सोय आहे. तरीदेखील एक गोष्ट उरते. फोर्टमध्ये मंजूर होणारे कर्ज मिळवायला फोर्टला जाता यावे लागते. शेडमध्ये चार लेथ चालवणाऱ्या माणसाला ते जमत नाही. मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याचे तर नावच नको, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात आहेत. ज्या गावात पैसा उदंड जमतो आणि उसना मागताना मात्र गाडीभाडे खर्चावे लागते, त्या गावाला खोल म्हणावे की नुसतेच रुंद?

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ. निर्धास्तपणाकडे. सीकेपी बँक १९१५ साली स्थापन झाली. २०१४ मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि एप्रिल २०२० मध्ये परवाना रद्द झाला. मधल्या सहा वर्षांत तिथल्या ठेवी ताळेबंदात ठेवी म्हणूनच उभ्या होत्या. म्हणजे देशाच्या वित्तीय खोलीत त्यांचा वाटा होता, फक्त ज्यांच्या होत्या त्यांना त्या हव्या तेव्हा काढता येत नव्हत्या. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. एक हजार! जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या एका बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांना पैसे दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत मिळतील असे ठरले. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांची मुदत देणाऱ्यांचे मला नेहमी नवल वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेची पाळी आली. या वेळी सहा महिन्यांच्या आत सारस्वत बँकेने तिला पोटात घेतले आणि ठेवीदार वाचले. यंत्रणा काही शिकली असे म्हणायला ही जागा आहे.

ठेवींवर विमा असतो हे आता बहुतेकांना माहीत झाले आहे. तो सुरू झाला १९६२ मध्ये. त्याआधी दोन वर्षे पालई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या होत्या, त्याचा तो परिणाम. सुरुवातीची मर्यादा दीड हजार रुपये. मग पाच हजार, दहा, वीस, तीस, आणि १९९३ मध्ये एक लाख. त्यानंतर सत्तावीस वर्षे ती हलली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. हे आकडे असे ओळीने वाचले की चढती कमान वाटते. देशातल्या एका माणसाच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाने त्यांना भागून पाहा. १९६२ चे दीड हजार म्हणजे त्या वेळच्या चार-पाच वर्षांचे दरडोई उत्पन्न. १९९३ चे एक लाख म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळाचे. आणि तेच एक लाख २०१९ मध्ये एका वर्षाच्याही दरडोई उत्पन्नाला पुरे पडेनात. पाच लाखांनी ते आज अडीच वर्षांच्या आसपास आले आहे. याच सत्तावीस वर्षांत ठेवींचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण पुष्कळ वाढले आणि आपण वित्तीयदृष्ट्या खोल झालो असे अहवालांत छापून आले. टाकीतले पाणी चढत होते आणि तिचा कठडा मात्र वर्षावर्षाला बुटका होत होता. हे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले मी तरी कुठे पाहिले नाहीत.

निर्धास्तपणा मोजायचे आणखी एक जुने माप आपल्याच मुलखात, दगडावर कोरलेले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी केलेल्या दानाचा लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या विणकर-श्रेणीकडे एक हजार ठेवले, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच परत घ्यायचे नाही, भिक्षूंची वस्त्रे आणि किरकोळ खर्च व्याजातून चालायचा. अशा ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा लेख वाचून गंमत वाटते. वर्षाला बारा टक्के आणि नऊ टक्के, हे दर आमच्या नोकरीच्या काळात अगदी ओळखीचे! एकाच गावच्या दोन श्रेणींचे दर निराळे का, हे लेखात नाही. पण राजघराण्यातल्या माणसाने विणकरांच्या संस्थेकडे कायमची ठेव ठेवली, आणि व्याज पिढ्यान्‌पिढ्या येत राहील असे धरून चालला, ही केवढी खोली! तिचे राष्ट्रीय उत्पन्नाशी गुणोत्तर काढायला कोणी गेले नाही. कल्याणच्या व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची दाने कान्हेरीच्या लेण्यांत अशीच कोरलेली आहेत. या टापूला परक्याच्या हाती पैसा सोपवण्याची सवय रेल्वेने लावली असे समजायचे कारण नाही.

आज काय दिसते? २०२२-२३ मध्ये घरांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास आली, कित्येक दशकांतली सर्वांत कमी. मुले फ्लॅटचे वीस वर्षांचे हप्ते भरतात आणि उरलेला पैसा म्युच्युअल फंडात घालतात. त्यांना बँक म्हणजे मोबाइलमधला एक चौकोन. आईवडील अजून ठेवी ठेवतात, पण कशा, ते पाहण्यासारखे आहे.

विम्याची पाच लाखांची मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून असते, म्हणून ते एका बँकेत साडेचार लाखच ठेवतात. मर्यादा दरेक बँकेला वेगळी, म्हणून चार बँका. संयुक्त खात्यावर आधी नवऱ्याचे नाव आणि मग बायकोचे, असे एक खाते, आणि आधी बायकोचे, मग नवऱ्याचे, असे दुसरे. नावांचा क्रम बदलला की विम्याच्या हिशेबात ते वेगळे धरले जाते, हे त्यांनी कुठून तरी माहीत करून घेतलेले असते. मुदत एक वर्ष, फार तर पंधरा महिने. एका वहीत साऱ्या पावत्यांची यादी, तारखेनुसार, मुलाला सापडेल अशी फडताळात वरच्या कप्प्यात. जन्मभर ज्या एका बँकेत त्यांचे खाते होते, तिथल्या एका पावतीच्या आठ पावत्या झालेल्या असतात. रिझर्व्ह बँकेच्या पुढच्या तिमाही तक्त्यात ठाणे जिल्ह्याच्या ओळीत ठेवींची रक्कम तेवढीच राहील, खात्यांची संख्या तेवढी वाढलेली दिसेल, आणि बँकिंग सेवा आता अधिक घरांपर्यंत पोचत असल्याचे त्यावरून कुणीतरी लिहील.